बुडत्याला काडी द्या, हात नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपल्या तोंडी सहज येते. कर्जात अडकलेल्या कास्तकाराला कुणी पाचशे रुपये उसने दिले, की आपण ती म्हणतो. पोरगा एका गुणाने पास झाला, तरी म्हणतो. तिच्यात थोडी कीव असते. काडीने कोण तरणार, असा सूर असतो. पण पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकांना शिकवणाऱ्या एका उस्तादांनी मला सांगितले, “चाचा, आमच्या शिक्षणाचा पहिला धडा म्हणजे ही म्हणच आहे. बुडत्याला काडी द्या. हात देऊ नका.”

मी वडनेर भोलजीचा. आमच्याकडची पोरे विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि वरून कुणीतरी ढकलून द्यायचे, हीच शाळा. निळ्या फरशीचा, शिट्टी वाजवणारा माणूस खुर्चीवर बसलेला तलाव मी शहरात पाहिला. तिथल्या प्रशिक्षणाला दोन दिवस काठावर बसून होतो. कवितेला काही मिळेल म्हणून गेलो होतो. मिळाले ते गावाच्या कामाचे निघाले.

पहिली गोष्ट अशी, की बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात तो हात हलवतो, ‘बचाओ’ म्हणतो. खऱ्या बुडण्यात तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत असते. जो क्षणभर तोंड वर येते, तो श्वास घेण्यातच जातो. ओरडायला हवा उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, ते हलवून बोलावता येत नाही. मान मागे, नजर हरवलेली, शरीर उभे. असे २० ते ६० सेकंद चालते, मग माणूस खाली जातो. लहान मूल त्याहून लवकर जाते. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईला वाटते, लेकरू पाण्यात खेळत आहे.

म्हणून जीवरक्षकाचे मुख्य काम पोहणे नाही, पाहणे आहे. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत सतत फिरती ठेवायची. बऱ्याच ठिकाणी कसोटी अशी असते, की १० सेकंदांत संकट ओळखायचे आणि पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचायचे. डोळे थकतात, म्हणून ठरावीक वेळाने माणूस बदलतात. मोबाइल नाही, गप्पा नाहीत.

दुसरा धडा काडीचा. बुडणाऱ्याच्या हाती जे येईल त्याला तो मिठी मारतो, वाचवणाऱ्याच्या गळ्यालासुद्धा. त्यात त्याचा दोष नाही, जीवच तसा आहे. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी काठावर आडवे पडून बांबू, काठी, लुगडे पुढे करा. पोहोचत नसेल तर दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. नाव असेल तर नाव न्या. पाण्यात उतरणे सगळ्यांत शेवटी, तेही शिकलेल्यानेच आणि हातात तरंगणारी वस्तू घेऊन. आपण वर्तमानपत्रात वाचतो, एकाला वाचवायला दुसरा गेला, दुसऱ्यासाठी तिसरा. बहुतेकदा ते भाऊ असतात, मित्र असतात, मायलेकरे असतात. माया होती, दोर नव्हता.

तिसरा धडा बाहेर काढल्यानंतरचा. आपल्याकडे बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर पालथे घालून फिरवत, पोट दाबून पाणी काढत. आपणच तेवढे भोळे होतो असे समजू नका. १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये आणि १७७४ साली लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाल्या. त्या काळी युरोपात अशा माणसाला पिंपावर लोळवत, शरीरात तंबाखूचा धूर फुंकत. पण त्याच जमान्यातल्या लोकांनी तोंडाने श्वास देण्याचाही विचार मांडला. विसाव्या शतकाच्या मध्यात डॉक्टरांनी तो प्रयोगांनी सिद्ध केला.

आजचे शास्त्र साधे आहे. पोट दाबू नका, उलटे टांगू नका, फिरवू नका. त्यात वेळ जातो, आणि पोटातले पाणी वर येऊन फुप्फुसात शिरू शकते. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर पाठीवर निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती सुमारे दोन इंच खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यायचेच. हे हात वाचून बसत नाहीत. पुतळ्यावर सराव करूनच बसतात.

आणि चौथा धडा मला सगळ्यांत आवडला. शिट्टी वाजली की कोण काय करणार, हे तलावावर आधीच ठरलेले असते. एक पाण्यात, एक फोनवर, एक गर्दी मागे सारायला आणि एक फाटकात, रुग्णवाहिकेला वाट दाखवायला. आपल्याकडे सगळे गाव विहिरीभोवती गोळा होते आणि फोन करायला कुणी नसते. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण ती महामार्गावरून नेमक्या वावरात कशी येणार? फाट्यावर एक पोरगा उभा पाहिजे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. शहरांत तलावांवर आहेत. पण आपल्या देशात २०२२ साली बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांच्या वर आहे, आणि जगात असे मृत्यू बहुतांश खेड्यापाड्यांच्या उघड्या पाण्यात होतात. तिथे खुर्ची नाही, शिट्टी नाही. पोळ्याला बैल धुवायला आपण नदीवर जातो, गणपती शिरवायला जातो. आता त्यात शेततळ्याची भर पडली आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर अनेक वावरांत तळी झाली. पाणी आले, चांगले झाले. पण प्लास्टिकचे अस्तर ओले झाले, त्यावर शेवाळ धरले, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढून वर येता येत नाही. घसरलेली मांजरेसुद्धा त्यात मरतात.

उपाय खर्चाचा नाही. तळ्याभोवती कुंपण. चारही बाजूंनी भक्कम खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेला, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर. एका टोकाला जुनी ट्यूब. काठावर एक लांब बांबू, जो कोणत्याही कामासाठी तिथून हलवायचा नाही. आणि चालणारे लेकरू घरात असेल तर दुपारी त्याच्यावर एका जाणत्या माणसाची नजर. बांगलादेशातल्या खेड्यांनी याच कामासाठी ‘आंचल’ नावाची सांभाळघरे काढली. माय कामात असते त्या वेळेत पाच वर्षांखालची लेकरे तिथे राहतात, आणि तिथले बुडून मरणे कमी झाले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. जुलैपर्यंत आपल्याकडे नद्या-नाले भरू लागतात, आणि त्यानंतर पोळा येतो. त्याआधी गावातल्या दहा पोरा-पोरींना कुणी जाणत्याने पुतळ्यावर श्वास द्यायला शिकवावे, शाळेने जागा द्यावी, ग्रामपंचायतीने नदीच्या घाटावर दोर टांगावा. ज्याच्या वावरात तळे आहे त्याने मात्र कुणाची वाट पाहू नये. दोर बाजारात मिळतो, गाठी घरी मारता येतात.