उन्हाळी सुटी आणि स्थलांतरितांची दफ्तरे

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९६५ साली स्थलांतराच्या इतिहासाचे जे संशोधन केंद्र स्थापन केले, त्याचा दफ्तरखाना मिनिआपोलिस शहरी, मिसिसिपीच्या काठच्या कड्यात खोदलेल्या विस्तीर्ण भुयारांत जतन केलेला आहे. आणि खाणीत, कारखान्यात, गोदीत राबलेल्या इटालियन, फिनिश, युक्रेनियन माणसांचे कागद हेच त्याचे खरे वैभव होय. मद्यपाननिषेधक मंडळ्यांची फिनिश भाषेतील इतिवृत्ते, मायदेशाहून आलेली खुशालीची पत्रे, अल्पायुषी वृत्तपत्रे, ही वाचावयाची तर दफ्तराची पेटी मागवून, हाती पेन्सिल घेऊन, दिवसचे दिवस एका जागी बसावे लागते. परंतु अमेरिकेतील अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे विद्यावेतन नऊ महिन्यांचेच असते, आणि दफ्तरे चाळण्यास सवड मिळते ती नेमकी उरलेल्या उन्हाळी सुटीत. म्हणूनच प्रवास व निवास यांच्या खर्चाची तजवीज करणारी अल्पशी अनुदाने, माझ्या मते, मोठमोठ्या पारितोषिकांहून अधिक मोलाची ठरतात. अशा अनुदानाची इच्छा धरणाऱ्याने कोणते दफ्तर कशासाठी पाहावयाचे हे अर्जात नेमके नमूद करावे, आणि मुदत संपण्यापूर्वी तेथील अभिलेखपालांचा सल्ला अवश्य घ्यावा.