टँटॅलसची तहान

१८०२ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आंडेर्स एकेबेर्ग यांना एक नवे मूलद्रव्य सापडले. त्याचे ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवले, तरी आम्ल शोषून घेत नसे. ग्रीक पुराणातील टँटॅलस राजाला पाण्यात उभे राहूनही तहानलेले राहण्याची शिक्षा होती. त्याच्यावरून या धातूला ‘टँटॅलम’ हे नाव मिळाले.

टँटॅलमवरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विद्युत्-रोधक असतो. म्हणून इवल्याशा धारित्रातही बराच विद्युत्-भार साठवता येतो. मोबाइल आणि संगणक यांत अशी धारित्रे वापरतात.

पूर्व काँगोतील किवू प्रांतांत या धातूचे कोल्टन नावाचे काळे खनिज मजूर फावड्यांनी खणतात व वाहत्या पाण्यात धुतात. हलकी माती वाहून जाते, जड खनिज तळाशी राहते. २००० साली त्याचा भाव भडकला आणि सशस्त्र टोळ्यांना पैशाचा नवा झरा सापडला. खनिज कोठून येते हे कंपन्यांनी जाहीर करावे, असा कायदा अमेरिकेने २०१० साली केला. तरीही २०२४ साली एम-२३ या बंडखोर गटाने रुबाया येथील खाणी ताब्यात घेतल्या.

गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मजुराच्या पदरी या संपत्तीतील फार थोडे पडते. टँटॅलसची कथा धातूपेक्षा त्यालाच अधिक लागू पडते.