जुन्या स्कीची दुरुस्ती



गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंगचा कोर्स करून आलेली आपली मुलं पुढच्या हिवाळ्याआधी स्वतःची जोडी शोधायला लागतात. नवी परवडत नाही, म्हणून वापरलेली घेतात. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खालचे दगड लागतात. त्यामुळे अशा जोडीच्या कडेला टवके गेलेले असणं आणि शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाला, थर सुटलेले असणं हे ठरलेलंच. त्यातल्या बऱ्याच स्की घरी नीट होतात. दुरुस्ती फसते ती बहुतेक वेळा आत पाणी असताना चिकटवल्यामुळे, आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

स्कीच्या आत पॉप्लर किंवा ॲशसारख्या लाकडाचा गाभा असतो. त्याच्या वर-खाली फायबर ग्लास, काहींत ॲल्युमिनियमचा पत्रा, तळाला पॉलिथिलीन, आणि हे सगळं एपॉक्सीनं एकजीव केलेलं. तळाच्या दोन्ही बाजूंना पोलादी कड. तिला आतल्या अंगाला दाते असतात, ते थरांत रुतलेले असतात.

या कडेचं पेटंट साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी 1926 साली घेतलं. तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनी, स्क्रू पिळून बसवत. धातूचे थर चिकटवण्याची विद्या हॉवर्ड हेड या अमेरिकी अभियंत्यानं विमानाच्या कारखान्यातून आणली. त्याच्या सुरुवातीच्या स्की प्रशिक्षकांनी चालवून पाहिल्या आणि त्या मोडल्या. तो मोडलेल्या घेऊन परत जायचा आणि सुधारून नव्या आणायचा. 1950 साली त्याची ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आली. या चिकाटीबद्दल मला त्या माणसाचा फार आदर वाटतो.

आता कड. दगडावर आपटलेलं पोलाद तेवढ्या जागेपुरतं कडक होतं. त्यावर सरळ कानस मारली तर ती घसरते आणि तिचेच दात जातात. आधी ओला डायमंड स्टोन फिरवा. बोटाला लागणारी बर, म्हणजे धातूची खरखर, गेली आणि घसरल्यासारखा आवाज थांबला, की मगच कानस घ्या. तळाच्या बाजूनं साधारण 1 अंश आणि कुशीच्या बाजूनं 2 अंश उतार सर्वसाधारण वापराला पुरतो. प्रत्येक खाच घासून काढायच्या नादी मात्र लागू नका. कड मुळातच बारीक असते, घासाल तितकं तिचं आयुष्य कमी होतं.

सुटलेल्या थरांचं काम जास्त नाजूक आहे. न्हाणीघराच्या प्लायवूडच्या दाराला पाणी लागून खालून जसे पापुद्रे सुटतात, तसंच हे. स्कीवर बोटानं टकटक करत शेपटाकडे जा. भरीव आवाज जिथे पोकळ होतो, तिथवर फट आहे असं समजा, डोळ्यांना ती दोन बोटंच दिसत असली तरी. फटीत पातळ पत्ती सरकवून ती जेमतेम उघडी ठेवा आणि आतलं पाणी सुकावं म्हणून जोडी घरात कोरड्या जागी काही दिवस तशीच राहू द्या. हेअर ड्रायरची ऊबही बेतानंच द्या, कारण फार तापवलं तर शाबूत असलेलं एपॉक्सीही सुटतं. गंज आणि जुना गोंद पॉलिश पेपरनं खरवडा, स्पिरिटनं पुसा, आणि तेही पूर्ण उडून जाऊ द्या.

एपॉक्सी सावकाश घट्ट होणारंच हवं. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारं दोन नळ्यांचं साधं ॲराल्डाइट चालतं, पण पाच मिनिटांत सुकणारं नको. त्याला आतपर्यंत झिरपायला वेळच मिळत नाही, शिवाय ते ठिसूळ असतं. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच कालवा. स्की किंचित कोमट असली की मिश्रण पातळ होऊन आत जातं. सिरिंजनं भरा, पत्तीनं ढकला, पलीकडून डोकावेपर्यंत. मग वर-खाली बटर पेपर, त्यावर लाकडी ठोकळे, आणि सी-क्लॅम्प. क्लॅम्प दात-ओठ खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर येईल आणि सांधा सुका राहील. कडेनं बारीक रेघ डोकावली की थांबा. चोवीस तास हात लावायचा नाही. शेपटाला पुन्हा ताण येणार असं वाटलं, तर आरपार दोन बारीक रिव्हेट मारतात. दिसायला वाईट, पण टिकतं.

तळाचे ओरखडे पॉलिथिलीनची कांडी वितळवून भरतात. ते सोपं आहे. फक्त कडेला लागून असलेल्या खड्ड्यात ही कांडी पोलादाला धरत नाही, तिथे एपॉक्सीच भरा.

कुठली स्की दुरुस्त करू नये, हेही सांगतो. बुटाखालची कड तुटून बाहेर आली असेल, तर ती जोडी सोडून द्या. वळताना सगळा भार तिथेच येतो. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, स्क्रूच्या भोकात टोचा घालून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं तरीही तेच, कारण बाइंडिंग उतारावर उपटून आलं की गुडघ्याची शाश्वती नाही. आणि दुरुस्त झालेल्या जोडीचं बाइंडिंग आपलं वजन, बुटाची लांबी आणि आपलं कसब पाहून जाणकाराकडूनच लावून घ्या. एवढं एक काम घरी करू नका.