घंटा आणि भिंत
(उत्सवातील व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा सारांश)



माझी एकतीस वर्षे वॉर्डात गेली. आज मी एका घंटेविषयी बोलणार आहे.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग रुग्णालयात १९९६ साली आयर्व्ह ल मॉइन या नौदल अधिकाऱ्याने पितळी घंटा आणून दिली. उपचार संपले की रुग्णाने ती वाजवायची. ही प्रथा पुढे देशोदेशी पसरली. आपल्याकडेही काही रुग्णालयांत ती आली.

आमच्याकडे घंटा नव्हती, पेढे होते. घरी जाणारा रुग्ण वॉर्डभर पेढे वाटी. एकदा एका बाईंनी पेढा हातात घेऊन मला विचारले, "सिस्टर, माझे पेढे कधी?" त्यांचे उपचार संपणारे नव्हते. मला उत्तर सुचले नाही. घंटा ऐकतानाही कुणाला असेच वाटत असेल.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. मी ड्यूटीवर होते. डोळे भरून आले. पण थोड्याच दिवसांत माझ्या एका सहकारी परिचारिकेला घरमालकाने खोली सोडायला सांगितले. आवाज विरला, की कृतज्ञताही विरते का?

म्हणून मला भिंत हवीशी वाटते. इथल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक भिंत मागून घेऊ. आपल्या चित्रकला स्पर्धेतील मुलांची चित्रे तिथे लावू. बरा झालेला, न झालेला, नातेवाईक, कुणीही तिथे दोन ओळी लिहाव्यात : आयाबाईंसाठी, सफाई कामगारासाठी, रात्री पाणी देणाऱ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करू. ते हेडफोनवर ठेवू, म्हणजे हवे त्यालाच ऐकू येतील. हे सारे करताना डॉक्टरांची परवानगी आणि रुग्णाची संमती मात्र आधी घ्यायची.

आणि एक विनंती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. आपला एक ढोलही ती सहज ओलांडतो. विसर्जनाची मिरवणूक रुग्णालयासमोर येईल तेव्हा ढोल-ताशे थांबवू, हात जोडून पुढे जाऊ. आतल्या माणसाला ती शांतता नक्की ऐकू येईल.

त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर कदाचित हेच असेल : पेढ्यांसाठी घरी जाण्याची वाट पाहायला नको.

गणपती बाप्पा मोरया!