जर्मनीत शिकताना, कमावताना

जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. 2024 मध्ये ही मर्यादा 120 आणि 240 वरून वाढली. सत्र चालू असताना मात्र आठवड्याला साधारण 20 तासच काम करायचे असते. कॅफेत, गोदामात किंवा ग्रंथालयात ओळखी लवकर होतात, मैत्री सावकाश. सहकारी आणि मित्र ही नाती तिथे बरेचजण वेगळी ठेवतात; त्याला तुटकपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मैत्री जुळते ती नेमाने भेटण्यातून. म्हणूनच विद्यापीठांचे क्रीडावर्ग फार मोलाचे: शुल्क माफक, आणि दर आठवड्याला तीच माणसे भेटतात. भाषेसाठी जोडीदारही मिळतो. एकाने जर्मन शिकवायचे, दुसऱ्याने इंग्रजी किंवा हिंदी. सामायिक घरात सफाईच्या पाळ्या ठरलेल्या असतात. त्या पाळणाऱ्यावर विश्वास बसतो. गणेशोत्सव-दिवाळीला मोठ्या शहरांतील मराठी मंडळींचा आधार खराच, पण तेवढ्यावरच राहिले तर जर्मन मागे पडते. सर्वांत कठीण असतो पहिला हिवाळा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येते आणि एकटेपणा वाढतो. त्यामुळे ऑक्टोबरात सत्र सुरू होताच एखाद्या क्रीडावर्गात नाव नोंदवावे.