सर, पाय मुरगळला नव्हता
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे व्याजदरांपलीकडे बोलायला काही नसतं. पण गेल्या सप्टेंबरात मुलगा, सून आणि दहा वर्षांच्या नातवाबरोबर मॉरिशसला जाऊन आलो, ते सांगतो. त्यात एक कबुलीही द्यायची आहे.

मुलाला काइटसर्फिंग करायचं होतं. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंच डोंगर आहे. पायथ्याशी प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ, हिरवंनिळं पाणी. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून वारा वाहतो, म्हणून जगभरचे हौशी लोक तिथे येतात. कमरेला पट्टा, हातात दांडी, तिथून दोऱ्या आणि वर पतंग. हा आपला संक्रांतीचा पतंग नव्हे, हा माणसालाच ओढतो! मीही हट्टाने एक धडा घेतला. शिकवणाऱ्याने बजावलं होतं, घाबरलात तर दांडी सोडा, पतंगाचा जोर जाईल. मी घाबरलो आणि दांडी आणखी घट्ट धरली. पुढचं बरंच अंतर तोंडाने खारं पाणी कापत गेलो. नातू वाळूत लोळून हसत होता.

त्याच डोंगरावर एके काळी मळ्यांतून पळालेले गुलाम लपत. १८३५मध्ये गुलामी संपली. ती बातमी सांगायला शिपाई वर गेले, तेव्हा पकडायलाच आले असं वाटून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. ते ऐकल्यावर खाली चाललेली आमची मजा जरा जड झाली.

गुलाम गेले, ऊस राहिला. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथे दगडी पायऱ्या आहेत सोळा. १८३४पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर उतरली, त्यांत आपल्या कोकणातलीही होती. उतरलेल्याचं नुसतं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. सखाराम, गणू ही तिथे आडनावं आहेत.

आमचा टॅक्सीवाला अशाच घरातला. घरात क्रिओल बोलणारा, पण "आमी मराठी" म्हणून ओळख करून देणारा. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्याने आम्हाला गावी नेलं. मांडवात ढोलकी वाजू लागली, गाणारे मधे बसले आणि भोवती रिंगण सुरू झालं. तो म्हणाला, "ही झाकरी." मी पायांवरून ओळखली. आपली जाखडी! गाण्यातले सगळे शब्द त्याला कळत नव्हते, पण आजीकडून पाठ झाले होते.

एका आजोबांनी हात धरून मला रिंगणात ओढलं. मी दोन पावलं टाकली आणि समोरच्याला धडकलो. नातवाने इंग्रजीत विचारलं, "आजोबा, हे तुमच्याकडचं ना? मग तुम्हाला कसं येत नाही?"

आता कबुली. नववीच्या गॅदरिंगला आपल्या चित्रकलेच्या सरांनी जाखडी बसवली होती, आठवतं? आधल्या दिवशी माझा पाय मुरगळला आणि माझ्या जागी ऐन वेळी दुसरा उभा राहिला. सर, पाय मुरगळला नव्हता. मुंबईचे मामेभाऊ बघायला येणार होते. धोतर नेसून, चाळ बांधून त्यांच्यासमोर नाचायची मला लाज वाटली. तुम्ही तेव्हा घरून तेल आणून माझ्या पायाला चोळलं होतंत. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. जेवणानंतर थकला नसाल तर पहिली चार पावलं सांगाल का? बसूनच सांगा. नातवाला मुद्दाम बरोबर आणलंय, तो मागे उभा आहे.