नाशिकची देवळं आम्ही विचारत विचारत पाहिली



आम्ही येवला तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाराजणी. आज सगळ्यांच्या वतीनं बोलायचं आहे ते आमच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल. आम्ही गाईड घेऊन नाशिकची देवळं पाहिली.

तुम्ही म्हणाल, नाशिक काय आम्हाला नवीन आहे? आम्हालाही नव्हतं. दवाखान्यासाठी गेलो, लेकीच्या ॲडमिशनला गेलो, घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. दर वेळी पाय धुतले, दर्शन घेतलं, प्रसाद पदरात बांधला आणि एसटी पकडली. रांगेत मागून लोटतात आणि पुढून ‘चला, चला’ म्हणतात. आपण काय पाहिलं ते घरी येऊन सांगता येत नाही. काही विचारावं, तर विचारायचं कोणाला?

म्हणून गेल्या वर्षी बैठकीत विषय निघाला की या वेळी माहीतगार माणूस घेऊन जाऊ. लगेच एक काकू म्हणाल्या, “देव दाखवायला माणूस कशाला? देव काय हरवलाय का?” सगळ्या हसल्या. पण दुसरी म्हणाली, “देव नाही हरवला. आपणच गर्दीत हरवतो.” आणि ठरलं.

पैशाचं आधी सांगते, कारण ऐकणाऱ्या बायांच्या मनात तोच प्रश्न असणार. गटाच्या बचतीला किंवा कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, असं पहिलंच ठरलं. दरमहा प्रत्येकीनं पन्नास रुपये वेगळे काढले आणि त्याची वही वेगळी ठेवली. बाराजणींचे वर्षाचे ७,२०० रुपये झाले. गाडीला ४,५०० गेले आणि गाईडला १,५००. चहा-नाश्ता आणि पार्किंगला ६४० लागले. जेवण घरून बांधून नेलं. ५६० उरले, ते पुढच्या सहलीच्या खात्यावर आहेत.

उन्हाळ कांद्याची लागवड उरकल्यावर एक बुधवार धरला. सोमवारी महादेवाला गर्दी, शनिवारी मारुतीला गर्दी, रविवारी सगळीकडेच. पहाटे सहाला निघालो आणि विंचूर, निफाड करत नाशिकला पोचलो.

गाईड बाईच होत्या. इतिहास शिकलेल्या, नाशिकच्याच. आम्ही त्यांना गाईडताई म्हणत होतो. त्यांची एक सवय आम्हाला फार आवडली. एखादी गोष्ट लिहून ठेवलेली असली की त्या म्हणायच्या, “याची नोंद आहे.” आणि कानोकानी आलेली असली की म्हणायच्या, “हे लोक सांगतात.” दोन्ही सांगायच्या, पण एकात एक मिसळायच्या नाहीत. दुपारपर्यंत आम्हालाही सवय लागली. त्यांनी काही सांगितलं की कोणीतरी विचारायचीच, “ताई, ही नोंद की लोक सांगतात?”

सुरुवात सुंदरनारायणापासून केली. अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशी हे विष्णूचं देऊळ आहे, १७५६ सालचं. मग पूल ओलांडून पंचवटीच्या बाजूला आलो. रामकुंडाजवळ गंगा-गोदावरीचं देऊळ बंद दिसलं. ते सिंहस्थातच उघडतं, म्हणजे बारा वर्षांनी. आमच्यातली एक म्हणाली, “गोदामाईला बारा वर्षांनी माहेरपण!”

घाटावर दुतोंड्या मारुती पाहिला. मागून पाहिला तरी तोंड, पुढून पाहिला तरी तोंड. आणि हा नाशिककरांचा पूर मोजायचा मारुती आहे. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की बातम्यांतही याचंच नाव येतं. आम्ही बातम्यांत नाव ऐकलं होतं, पण हाच तो, हे माहीत नव्हतं.

तिथून पायऱ्या चढून कपालेश्वराला गेलो. आत गेल्यावर गाईडताईंनी विचारलं, “इथं काय कमी आहे ते ओळखा.” आम्ही बावचळलो. मग गुरं सांभाळणारी आमची एक मावशी म्हणाली, “नंदी कुठंय?” खरंच, महादेवापुढं नंदी नाही! लोक सांगतात ते असं. महादेवाच्या हातून ब्रह्मदेवाचं एक मस्तक तुटलं आणि त्याला ब्रह्महत्येचं पाप लागलं. रामकुंडात स्नान केलं की ते फिटेल, हा मार्ग त्याला नंदीनं दाखवला. ज्यानं शिकवलं तो गुरू. मग गुरूला आपल्यापुढं कसा बसवायचा? म्हणून इथं नंदी नाही. मावशी म्हणाली, “म्हणजे शिकवणारा कोण आहे हे नाही बघायचं. काय शिकवलं ते बघायचं.” हे वाक्य आम्ही दुपारी परत आठवणार होतो, ते तेव्हा कळलं नाही.

नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं. त्याची मोठी घंटा पाहिली. मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाशी ही घंटा जोडली जाते. मोठा पूर आला की नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का, असं लोक विचारतात. म्हणजे मारुती एक माप आणि घंटा दुसरं माप.

मग काळाराम.

हे देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईत बांधलं. सगळं काळ्या दगडाचं, आतल्या मूर्तीही काळ्या. पण गाईडताईंनी आम्हाला दाराशीच थांबवलं. म्हणाल्या, “आत जायच्या आधी दहा मिनिटं या दाराबद्दल बोलायचं आहे.”

त्यांनी सांगितलं ते नोंदीतलं होतं. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढं होते. मागणी एवढीच की अस्पृश्य म्हटलेल्या माणसांनाही रामाचं दर्शन घेऊ द्या. हजारो माणसं आली. देवळाची दारं लावून घेतलेली होती. मग सत्याग्रही दाराशी बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ बाया होत्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथावरून मारहाण झाली, दगड पडले. सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही.

बायांचा आकडा ऐकून आम्ही एकमेकींकडं पाहिलं. पंचवीस बाया, म्हणजे आमच्यासारखे दोन गट.

ऐकून झालं, आम्ही चपला काढायला वाकलो. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी बसते इथं. चपला राखते.”

आम्हाला वाटलं गुडघे दुखत असतील. तर आजी म्हणाल्या, “गुडघ्यांचं नाही. माझी आजी बसली होती या दाराशी. बापाची आई. भाकरी बांधून आली होती, आम्हाला सांगायची. आत नाही जाऊ दिलं तिला. मला कशाला जायचं आता? आम्ही बौद्ध झालो. तुमचा देव आहे, तुम्ही जा. माझा राग नाही.”

बायांनो, नऊ वर्षं झाली आमच्या गटाला. आजींनी कधी हप्ता चुकवला नाही. आमच्यातल्या तिघींना त्यांनी जामीन राहून कर्ज मिळवून दिलं. आणि हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. नारोशंकराच्या घंटेचं साल विचारलं, मारुतीची तोंडं मोजली. शेजारी बसणाऱ्या बाईला विचारलं नाही.

एक काकू हळूच म्हणाल्या, “देवाच्या दारात जुनं कशाला उकरायचं?” आजींनी ऐकलं. शांतपणे म्हणाल्या, “मी नाही उकरलं. मी चपला राखते म्हणले फक्त.”

त्यावर कोणाला बोलता येईना. मग आम्ही एक ठरवलं. चपला आजींनी राखायच्या नाहीत. त्या स्टँडवर पैसे देऊन ठेवल्या. आणि आत सगळ्यांनी एकदम जायचं नाही. सहाजणी आत जातील, पाचजणी आजींपाशी बसतील. त्या आल्या की बाकीच्या जातील. दर्शन सगळ्यांचं झालं, आणि आजी एकट्या राहिल्या नाहीत. काकू पहिल्या तुकडीत आत गेल्या. बाहेर आल्या आणि आजींच्या शेजारी येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. पाण्याची बाटली पुढं केली.

आजींनी गाईडताईंना विचारलं, “बाया कुठल्या दाराशी बसल्या होत्या?” ताई म्हणाल्या, “चारही दारांशी तुकड्या बसल्या होत्या. तुमच्या आजी नेमक्या कुठल्या दाराशी होत्या, ते मला सांगता येणार नाही.” माहीत नाही ते ताईंनी माहीत नाही म्हणून सांगितलं, हेही आम्हाला पटलं. आजी उठल्या. म्हणाल्या, “मग चारही पाहते.”

आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर देवळाच्या बाहेरून चाललो. प्रत्येक दाराशी आजी थोडं थांबल्या. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसतं पाहिलं. चौथ्या दाराशी म्हणाल्या, “झालं.”

त्यानंतर सीता गुंफा होती. तिथं वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. ज्यांना दम लागतो त्या बाहेर थांबल्या. जेवण घाटावर केलं. बाराजणींच्या भाकऱ्या एकत्र काढल्या आणि ज्याला जी लागली ती घेतली.

येताना येवल्यात आजी म्हणाल्या, “आता माझ्या ठिकाणी थांबा.” १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकचं ते दार न उघडण्याशी त्याचा संबंध आहे. आम्ही येवला तालुक्यातल्या. बाजाराला, पैठणीच्या कामाला येवल्यात शंभरदा येतो. मुक्तिभूमीवर आमच्यातल्या नऊजणी पहिल्यांदा गेल्या. या वेळी आजी पुढं होत्या आणि आम्ही मागं. मावशी म्हणाली, “कपालेश्वराचा नंदी सापडला बघा.” आजी हसल्या. “मला बैल म्हणतीस होय गं!”

आता ज्या गटांना असं जायचं आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, गाईडशी फोनवर सगळं आधी ठरवा. किती देवळं, किती तास, एकूण पैसे किती. ‘वाटेत अमुक दुकानात न्यायचं नाही आणि पूजा-अभिषेकाला भरीस घालायचं नाही,’ हेही आधीच बोला. ठरलेले पैसे मात्र घासाघीस न करता द्या. माहिती सांगणं हेही कष्टाचं काम आहे.

दुसरी, देवळं कमी ठेवा. आमची यादी दहाची होती. ताईंनी सहा सांगितली आणि सहाच पुरली.

तिसरी, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे ते वाटेच्या आखणीतच विचारून घ्या. लाजू नका. नाहीतर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

चौथी, प्रत्येकीनं एक प्रश्न घरून घेऊन निघा. आणि कोणाला आत जायचं नसेल, कारण काहीही असो, पाळी असो, गुडघे असोत की मन नसो, तर तिला ओढू नका आणि एकटी सोडू नका. जाणं न जाणं तिचं तिनं ठरवायचं. सोबत बसणं आपलं काम.

शेवटी एक सांगायचं राहिलं. आमच्या गटाची बैठक दर महिन्याला पाळीपाळीनं एकेकीच्या घरी होते. नऊ वर्षांत ती आजींच्या घरी कधी झाली नव्हती. का, तर ‘त्यांचं घर लहान आहे,’ असं आम्ही म्हणायचो. सहलीनंतरची पहिली बैठक आजींच्या घरी झाली. बाराजणी मावल्या. चहा त्यांनी केला, आणि काकूंनी दोनदा मागून घेतला.

तुमच्याही गटात अजून कोणाच्या घरी बैठक झाली नसेल, तर पुढची तिथं घ्या. तेवढ्यासाठी नाशिकला जायची गरज नाही.